बाहेर पडणाऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं तर

आधी एक कबुली. मागच्या अंकात मी ‘इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं’ असं लिहून मोकळा झालो आणि त्यावर तुम्ही लोकांनी मला चांगलंच धुतलं. बरोबर आहे तुमचं. युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं (त्यालाच ब्रेक्झिट म्हणतात) ते ब्रिटन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स अन् नॉर्दर्न आयर्लंड असे चारही मिळून. चूक बारकी वाटते, पण यावेळी आलेले जवळपास सगळे सवाल त्याच चुकीच्या पोटातून निघालेत, म्हणून या खेपेला पूर्ण पान याच विषयाला दिलंय. बजेटवरचे सवाल पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

सवाल : काका, माझी मुलगी एडिनबर्गला शिकायला आहे. तिची घरमालकीण बाई रोज म्हणते की आम्ही युरोप सोडायला मत दिलंच नव्हतं, आम्हाला ओढत बाहेर नेलं. असं कसं होऊ शकतं? मतदान झालं ना? (एक आई, धरमपेठ)

ताई, बाई खोटं नाही बोलून राहिली. २३ जून २०१६ ला जनमत झालं, पूर्ण ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के लोक म्हणाले सोडा, ४८.१ म्हणाले राहा. पण स्कॉटलंडचा आकडा वेगळा काढून पाहिला तर तिथं ६२ टक्के ‘राहा’ आणि ३८ टक्के ‘सोडा’, आणि तिथल्या ३२ च्या ३२ कौन्सिल एरियात ‘राहा’च पुढे. नॉर्दर्न आयर्लंडमध्येही साधारण ५६ टक्के ‘राहा’. इंग्लंड अन् वेल्सनं मात्र ‘सोडा’ म्हटलं.

आता मोजणी एकच होती, पूर्ण देशाची मिळून. आणि ब्रिटनच्या शंभर माणसांत चौऱ्याऐंशी इंग्लंडची, स्कॉटलंडची आठ. मग आठ जणांनी कितीही जोरात मान हलवली तरी काय होते. आपल्याकडं विधानसभेत २८८ पैकी ६२ आमदार विदर्भाचे, तर ते ६२ सगळे एका बाजूला बसले (बसतच नाहीत, पण समजा बसले) तरी ठराव काही त्यांच्या भरवशावर पास होत नाही, तसंच हे.

पण बाईच्या रागाचं खरं मूळ दोन वर्षं आधीचं आहे, ते समजून घ्या. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र व्हायचं का यावर जनमत झालं होतं. ८४.६ टक्के मतदान, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही मत, आणि निकाल ५५.३ टक्के ‘नाही’. तेव्हा ‘नाही’वाल्यांचा एक मोठा मुद्दाच हा होता की बाबांनो, ब्रिटन सोडाल तर युरोपियन युनियनही जाईल हातची. लोक घाबरले, राहिले ब्रिटनमध्ये. आणि अठ्ठेचाळीस महिने काय, चोवीस महिनेही पूर्ण झाले नाही तर ब्रिटननंच युरोप सोडायचं ठरवलं! ज्या कारणासाठी घरात थांबलो तेच कारण घरमालकानं गच्चीवरून खाली फेकून दिलं म्हटल्यावर माणूस बोलणारच. तुमच्या मुलीला सांगा, चहा घ्यावा अन् ऐकून घ्यावं.

सवाल : मी रिटायर्ड शिक्षक. स्कॉटिश नॅशनल पार्टी ही आधीपासूनच युरोपवाली आहे का? आणि ब्रिटनचे बाकी पक्ष? आमच्या काळी आम्ही ऐकायचो की लेबरवाले डावे, त्यांना युरोप नको होता. (महाल)

सर, तुमचं ऐकणं एकदम पक्कं आहे, आणि हा सवाल माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपच्या सामायिक बाजारात शिरलं. १९७५ ला जनमत झालं, ६७ टक्के म्हणाले राहू. त्या वेळी ‘राहा’ म्हणत प्रचार कोण करून राहिलं होतं, तर नुकत्याच कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर. ‘सोडा’ म्हणणारे? लेबरमधले डावे, आणि हो, स्कॉटलंडला वेगळा देश करायला निघालेली स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी)! पूर्ण ब्रिटनमध्ये फक्त दोनच भागांत तेव्हा ‘सोडा’ जिंकलं, शेटलंड अन् वेस्टर्न आइल्स, दोन्ही स्कॉटलंडची बेटं, मासेमारीवर जगणारी. १९८३ च्या जाहीरनाम्यात लेबरनं तर सरळ लिहूनच टाकलं होतं की आम्ही आलो की बाहेर पडू. आलेच नाहीत, तो भाग वेगळा.

मग पारडं फिरलं. एसएनपीच्या डोक्यात आलं की लंडन सोडून एकटं पडायची भीती लोकांच्या मनातून काढायची असेल तर सांगायला दुसरं मोठं घर पाहिजे. १९८८ ला त्यांनी ‘युरोपमध्ये राहून स्वातंत्र्य’ हे धोरण धरलं. म्हणजे लंडनवरून उठायचं अन् ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयाच्या, पंगतीत बसायचं. हुशारीची चाल होती, काही म्हणा. इकडे कन्झर्व्हेटिव्ह पक्षात उलटं होत गेलं, ज्या पक्षानं देशाला युरोपात नेलं त्याच पक्षात युरोपच्या नावानं बोटं मोडणारे वाढले, आणि बाहेरून नायजेल फराज यांचा ‘युरोप सोडा’ म्हणणारा युकिप पक्ष त्यांची मतं कुरतडू लागला. तेव्हाचे कन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये जनमताचं वचन दिलं ते मुख्यतः पक्षातली ही डोकेदुखी मिटवायला, त्यांना स्वतःला युरोप सोडायचंच नव्हतं. २०१५ ला युकिपला १२.६ टक्के मतं पडली अन् खासदार किती? एक. एका खासदाराच्या पक्षानं पूर्ण देशाची दिशा फिरवली. हे गणित मला आजही मजेशीर वाटतं.

आता एक गोष्ट लोक विसरतात ती सांगतो. एसएनपीला मत देणाऱ्यांतही जवळपास तिघांतला एक जण ‘सोडा’वाला होता. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पीटरहेड, फ्रेझरबर्ग ही मासेमारीची गावं, तिथल्या कोळ्यांना ब्रुसेल्सचे कोटे डोळ्यात खुपत होते. म्हणजे पक्षाचा झेंडा एक, पण खाली उभी असलेली माणसं दोन तऱ्हेची. त्याचा फटका २०१७ च्या निवडणुकीत बसला, एसएनपी ५६ वरून ३५ वर आली आणि स्कॉटलंडमध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १३ जागा मिळाल्या. एसएनपीच्या नेत्या अन् स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं पद) निकोला स्टर्जन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आता परत जनमत घ्या’ म्हणून मागणी लावली होती, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या आता ही वेळ नाही, आणि जूनच्या निकालानंतर स्टर्जनबाईंनाही थोडं सबुरीनं घ्यावं लागलं.

मे यांचंही काही भलं झालं नाही. बहुमत वाढवायला निवडणूक घेतली अन् होतं तेही गेलं. मग सरकार टिकवलं कुणी, तर नॉर्दर्न आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांनी. बदल्यात तिथं एक अब्ज पाऊंड जास्तीचा निधी. गंमत पाहा सर, ज्या प्रांतानं ‘राहा’ म्हटलं त्या प्रांतातला ‘सोडा’वाला पक्ष दहा खासदारांवर पूर्ण ब्रेक्झिटच्या नाकात वेसण घालून बसला, आणि जो पक्ष ३५ खासदार घेऊन ओरडून राहिला होता त्याचं कुणी ऐकेना, कारण सरकारला त्यांची गरजच नव्हती. मोर्चे किती मोठे यावर नाही चालत हे, कुणाच्या काठीवर सरकार उभं आहे यावर चालते.

आपल्याकडं काय वेगळं आहे का. जांबुवंतराव धोटे १९७१ ला फॉरवर्ड ब्लॉककडून वेगळ्या विदर्भाच्या नावावर नागपुरातून लोकसभेत गेले, ‘विदर्भाचा शेर’ म्हणायचे लोक, अन् १९८० ला त्याच नागपुरातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. भाजपनं १९९७ ला भुवनेश्वरला छोट्या राज्यांच्या बाजूनं ठराव केला, २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड झालेही, पण विदर्भाच्या वाटेत शिवसेना उभी होती अन् युती मोडायची नव्हती. २०१४ नंतर तर मुख्यमंत्रीही नागपूरचेच झाले, विदर्भाच्या बाजूनं आधी बोललेले, पण अकरा जिल्हे जिथं होते तिथंच. काँग्रेसवाले विदर्भात एक बोलतात, मुंबईत दुसरं. मी कुणा एकाला झोडपत नाही, सगळ्यांचंच सांगतो. विरोधी बाकावरून विदर्भ फार जवळ दिसते, खुर्चीवर बसलं की एकदम दूर.

सवाल : भाऊ, कस्टम्स युनियन अन् सिंगल मार्केट यातला फरक कोणी समजावूनच सांगत नाही. टीव्हीवाले नुसते शब्द फेकतात. आमच्या भाषेत सांगा. (संत्रा बागायतदार, काटोल)

भाऊ, तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा लवकर समजेल.

आठवते का, शहरात माल आणायचा म्हटला की जकात नाका लागायचा, ट्रकची लाइन, पावती, नाक्यावरच्या बाबूचं तोंड. समजा आसपासच्या दहा गावांनी ठरवलं की आपल्या आपल्यात जकात नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची जकात एकसारखी. हे झालं कस्टम्स युनियन. आता त्याच्या पुढं जाऊन ठरवलं की संत्र्याच्या पेटीचं माप, औषध फवारणीचे नियम, लेबल, सगळं दहाही गावांत एकच, आणि दहा गावांतला कोणीही माणूस कुठंही जाऊन दुकान टाकू शकतो, मजुरी करू शकतो. हे सिंगल मार्केट. ब्रिटननं दोन्ही सोडलं. ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियन सुटलं, ३१ डिसेंबर २०२० ला कस्टम्स युनियन अन् सिंगल मार्केट दोन्ही सुटलं.

तुम्ही म्हणाल करार झाला ना. झाला, २४ डिसेंबर २०२० ला, ड्युटी शून्य. पण नाका आला तो आलाच. ड्युटी भरायची नसली तरी कागद दाखवावे लागतात, माल कुठं बनला ते सिद्ध करावं लागते, खाण्याच्या वस्तूला हेल्थ सर्टिफिकेट. स्कॉटलंडचे जिवंत खेकडे अन् झिंगे फ्रान्स-स्पेनला जायचे, ते कागदांत अडकले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथले व्यापारी ट्रक घेऊन थेट लंडनला पंतप्रधानांच्या दाराजवळ जाऊन उभे राहिले. बांगलादेशनं संत्र्यावरची आयात ड्युटी वाढवत नेली तेव्हा आपल्याकडं काय हाल झाले ते मी तुम्हाला काय सांगू. बॉर्डर कागदावरची रेघ असते म्हणणाऱ्यानं कधी नासका माल विकलेला नसतो.

नॉर्दर्न आयर्लंडचा गुंता इथूनच निघाला. आयर्लंड बेटावर एकच जमिनीची सीमा, पाचशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला ब्रिटन अन् दुसऱ्या बाजूला युरोपियन युनियनमधला आयर्लंड देश. तिथं नाके बसवले तर १९९८ च्या शांतता करारानंतर जे शांत झालं ते परत पेटायची भीती. म्हणून नाका जमिनीवरून उचलून समुद्रात नेला, म्हणजे इंग्लंडहून बेलफास्टला जाणाऱ्या मालाची तपासणी. देशातल्या देशात! डीयूपीवाले भडकले, मग २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क नावाची डागडुजी.

आता इथं स्कॉटलंडचा खरा पेच येतो आणि एसएनपीवाले यावर जरा हळू आवाजात बोलतात. स्कॉटलंडचा बाहेर जाणारा माल अन् सेवा धरल्या तर साधारण ६० टक्के उर्वरित ब्रिटनमध्येच जाते, युरोपियन युनियनमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन युरोपात शिरलं तर नाका कुठं येईल? इंग्लंडच्या बॉर्डरवर. म्हणजे ‘आपल्या सगळ्यात मोठ्या बाजारापासून तुटू नका’ हा जो मुद्दा ते ब्रेक्झिटवाल्यांना सांगत होते तोच मुद्दा त्यांच्यावर उलटून येते. ब्रेक्झिटनं स्कॉटलंडला स्वतंत्र व्हायचं कारण दिलं, आणि त्याच ब्रेक्झिटनं ते स्वतंत्र होणं महागही करून ठेवलं. ब्रिटन युरोपात असतं तर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नाका आलाच नसता, दोघंही त्याच पंगतीत. मी हे वाचलं तेव्हा डोकं धरून बसलो होतो.

आपलाही देश अशा एका बाजाराच्या दारातून मागं फिरलाय बरं का, ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या आरसेप या व्यापार करारातून. पण आत जाऊन बाहेर येणं अन् दारातूनच परत फिरणं यात फरक आहे, त्यावर वेगळा सवाल पाठवा.

सवाल : मी लॉ करतोय. आमच्या ग्रुपमध्ये वेगळ्या विदर्भावर वाद झाला की कोणी ना कोणी स्कॉटलंड काढतोच. ही तुलना बरोबर आहे का सर? (सक्करदरा)

अर्धी बरोबर, अर्धी एकदम गलत.

गलत अर्धी आधी. स्कॉटलंडला वेगळा देश पाहिजे, पासपोर्ट, सैन्य, चलन सगळं. २०१४ मध्ये त्यांचं घोडं अडलं ते पाऊंडवर, लंडन म्हणालं आमचं चलन तुमच्यासोबत वाटून नाही घ्यायचं. विदर्भवाल्यांना यातलं काहीच नको आहे. रुपया तोच, जीएसटी तोच, नागपूरहून पुण्याला जायला नाका लागणार नाही. आपली मागणी ही स्कॉटलंडच्या १९९९ सारखी आहे, जेव्हा एडिनबर्गला त्यांची स्वतःची पार्लमेंट बसली आणि शाळा, दवाखाने, पोलीस यांचे निर्णय तिथं होऊ लागले. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर ‘विदर्भवाले देश तोडून राहिले’ असं कोणी टाकलं तर त्याला संविधानाचं कलम ३ वाचायला लाव.

आता बरोबर अर्धी. चावी दोन्हीकडं वरच्याच्या खिशात. २३ नोव्हेंबर २०२२ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की स्कॉटलंडची पार्लमेंट लंडनच्या परवानगीशिवाय स्वातंत्र्याच्या जनमताचा कायदा करू शकत नाही. २०१४ चं जनमत झालं ते कॅमेरून यांनी तशी मंजुरी दिली म्हणून. आपल्याकडं कलम ३ प्रमाणं नवीन राज्य बनवायचं तर विधानसभेचं मत विचारायचं, पण ऐकायचंच असं नाही. जानेवारी २०१४ ला आंध्र विधानसभेनं तेलंगणाचं बिल नाकारलं होतं, तरी फेब्रुवारीत संसदेनं पास केलं अन् २ जूनला राज्य झालं. जनमत वगैरे काही नाही. म्हणजे एकाच वर्षी तेलंगणा विधानसभा ‘नको’ म्हणत असताना झालं आणि स्कॉटलंडला विचारून विचारून झालं नाही. तुझ्या ग्रुपमध्ये हे टाक, वाद आणखी दोन दिवस चालेल.

आणि करारांचं म्हणशील तर तिथंही साम्य आहे. १९५५ ला फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, झालं नाही, त्याच्या आधीच २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार होता. त्यातून आपल्या वाट्याला आलं ते दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन. कलम ३७१(२) मधून वैधानिक विकास मंडळ आलं १९९४ मध्ये, त्याची मुदत २०२० ला संपली. स्कॉटलंडमध्येही एक संकेत आहे की त्यांच्या विषयात लंडन त्यांना विचारल्याशिवाय कायदा करणार नाही, सहसा. पण मे २०१८ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटनं ब्रेक्झिटच्या कायद्याला संमती नाकारली अन् लंडननं तो तसाच पास केला. ‘सहसा’ या शब्दावर लक्ष ठेव पोरा, वकिली करायची आहे ना.

सवाल : स्कॉटलंडमध्ये परत जनमत होणार का? (हिंगणा रोड)

ज्योतिष मी सोडलं. इतकं सांगतो की स्टर्जन मार्च २०२३ मध्ये पायउतार झाल्या, नंतर हमजा यूसफ, मग मे २०२४ पासून जॉन स्विनी, आणि जुलै २०२४ च्या लोकसभेत, म्हणजे त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, एसएनपी ९ जागांवर आली. पक्ष पडला म्हणून मागणी मेली असंही नाही, स्वातंत्र्याच्या बाजूचे लोक आजही अर्ध्याच्या आसपास घुटमळतात. पक्षाला मत अन् मुद्द्याला मत या दोन वेगळ्या पेट्या.

सवाल : सगळ्यांना शहाणपण शिकवता, तुम्ही स्वतः कोणत्या बाजूचे ते सांगा ना एकदा. (नाव नाही, गाव नाही)

नाव न लिहिता मला नाव विचारणं बरं आहे तुमचं! सांगतो. २०१४ च्या जानेवारीत नागपुरात वेगळ्या विदर्भावर लोकांनी आपल्या आपण जनमत घेतलं होतं, सरकारी नव्हे. मी स्वेटर घालून गेलो अन् ‘हो’वर मत टाकून आलो. परत आलो तर शेजारी गॅलरीत चहा पीत बसलेले, ते अखंड महाराष्ट्रवाले, कट्टर. म्हटलं भाऊसाहेब, तुम्ही नाही गेलात? ते म्हणाले, ज्याचा निकाल कोणी मानणार नाही तिथं ‘नको’ म्हणायला एवढ्या थंडीत कोण जाते. २०१७ ला कॅटलोनियात तेच झालं, नव्वद टक्के ‘हो’, पण मतदानच ४३ टक्के, ‘नको’वाले घरी. मी ‘हो’च्या बाजूचा आहे, आजही. पण त्या दिवशीचा निकाल कोणी मला पुरावा म्हणून दाखवला की मला शेजाऱ्यांचा तो चहाचा कप आठवते.